एकतीस मेलेल्या कुप्या

१

बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेतून आलेला मेल जेमतेम तीन ओळींचा होता. पाठवलेल्या अठ्ठेचाळीस कुप्यांपैकी सतरा कुप्यांतले जंतू वाढले. उरलेल्या एकतीस कुप्यांत काहीही जिवंत सापडलं नाही. कृपया नवे नमुने पाठवावेत.

डॉ. रविराज देवरे यांनी मेल दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि फोन उचलला. दिंडोरी रोडवरच्या त्या पशुआरोग्य प्रयोगशाळेचे ते बारा वर्षं प्रमुख होते. इतक्या वर्षांत त्यांनी मदतीसाठी बाहेर फोन केल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"जहिदा मॅडम, तुम्ही आज येऊ शकाल का?"

इंदिरानगरातल्या घरात डॉ. जहिदा मणियार गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून बसल्या होत्या. पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती. बनावट लसी, विष घातलेलं पाणी, खोटे मृत्यूचे दाखले. नोकरीत त्यांनी असली बरीच प्रकरणं उकलली होती. प्रत्येक वेळी शेवटी कुणीतरी समोर बसून रडायचं. त्याचाच त्यांना वीट आला होता.

"पोलिसांना सांग ना," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? जंतू मेले म्हणून तक्रार द्यायला आलोय म्हणून? हसतील ते. आणि मॅडम, शुक्रवारी बहिरूची सुनावणी आहे."

जहिदा मॅडमनी पिशवी बाजूला ठेवली. बहिरू पेखळे. दिंडोरीच्या बाजूला गायींना कृत्रिम रेतन करणारा माणूस. त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्या त्याला ओळखत होत्या.

दुपारी ऊन रस्त्यावर पसरलेलं असताना त्या प्रयोगशाळेत पोचल्या. रविराजनी सगळं सांगितलं. दिंडोरीकडच्या सात गावांत गायी उलटत होत्या. रेतन भरलं तरी गाभण राहत नव्हत्या, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येत होत्या. डॉ. वेदिका बोरस्ते ही इथली संशोधक. तिने आपल्या संशोधनासाठी नोव्हेंबरात आणि मग जानेवारीत अशा दोन फेऱ्यांत तिथल्याच गायींच्या गर्भाशयातले नमुने घेतले. त्यांत जे जंतू सापडले, त्यांतल्या बऱ्याच जंतूंवर नेहमीचं एकही प्रतिजैविक चालत नव्हतं. हे जंतू एकाच घराण्यातले आहेत की वेगवेगळे, ते कळलं असतं तर रोग कुठून पसरला तेही कळलं असतं.

"गावकरी म्हणतात, बहिरूच्या हातातून," रविराज म्हणाले. "सगळ्या गायींना रेतन त्यानेच केलं होतं. शुक्रवारी समिती बहुतेक त्याची नोंदणी रद्द करेल. पुरावा म्हणाल तर या कुप्याच होत्या. त्याच्या विरुद्ध किंवा त्याच्या बाजूने."

"नवे नमुने?"

"गावकरी आमच्या माणसांना गोठ्यात पाय ठेवू देत नाहीत. सगळे चिडलेत."

"फ्रीझर बंद पडला असेल."

रविराजनी नोंदीचा कागद पुढे सरकवला. सहा महिन्यांत उणे ऐंशीची रेघ कुठेही हललेली नव्हती.

"मग वाटेत बर्फ वितळला असेल. मी तेच लिहून टाकतो, मॅडम. वाहतुकीतली चूक. मलाही आता दमायला झालंय."

"सगळ्या कुप्या एकाच डब्यातून गेल्या?"

"हो, एकाच."

"मग त्याच डब्यातल्या सतरा कशा जगल्या?" जहिदा मॅडम खुर्चीच्या हातावर भार देऊन उठल्या. "मरण वाटेत आलेलं नाही, रविराज. ते इथंच आलंय. आणि त्यानं कुप्या निवडून मारल्यात."

२

प्रत्येक नमुन्याची एक जोडकुपी प्रयोगशाळेतच ठेवलेली होती. वेदिकाने जाड हातमोजे घालून रॅक बाहेर काढला. एकोणतीस वर्षांची, बारीक अंगाची ही मुलगी. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. पाच वर्षांचं काम गेलेल्या माणसाचा चेहरा असाच दिसणार, असं जहिदा मॅडमना वाटलं. वेदिका शिकत असताना एक उन्हाळा त्यांच्या हाताखाली होती. तेव्हा ती फार बोलायची.

"मेलेल्या सगळ्या जानेवारीतल्या आहेत, मॅडम," वेदिका म्हणाली. "नोव्हेंबरच्या सतरा, साध्या जंतूंच्या, ठीक आहेत."

"तुला काय वाटतं?"

"माझी गोठवण्यात चूक झाली असेल."

"दोन्ही जोड्यांत? एकतीस वेळा?"

वेदिकाने रॅक टेबलावर ठेवला.

कुप्या हळूहळू वितळल्या. जहिदा मॅडमनी एक नोव्हेंबरची आणि एक जानेवारीची कुपी खिडकीच्या उजेडात धरली. पहिलीतलं पाणी फिकट पिवळं होतं. दुसरीतलं तपकिरी, आटवलेल्या दुधाला येतो तसल्या रंगाचं. त्यांनी सगळ्या लावून पाहिल्या. एकतीसच्या एकतीस तपकिरी. झाकणांच्या कडाही किंचित वाकलेल्या.

थंडीनं रंग बदलत नाही. हा रंग उष्णतेचा होता, तोही साध्या उकळण्याचा नाही. कुणीतरी या कुप्या वाफेच्या दाबाखाली शिजवल्या होत्या आणि पुन्हा जागेवर ठेवल्या होत्या.

प्रयोगशाळेत तसं यंत्र एकच होतं. मोठ्या कुकरसारखं, भांडी आणि हत्यारं निर्जंतुक करायचं. ते चालवायचा सोमनाथ, पन्नाशीचा तंत्रज्ञ. वीस वर्षं इथं होता आणि अजून कंत्राटावरच होता. जहिदा मॅडम आत आल्या तेव्हा तो काचेच्या बशा पुसत होता. त्यांना पाहून त्याने फडकं खाली ठेवलं.

"तुझी वही दाखव, सोमनाथ."

वही नेटकी होती. यंत्र प्रत्येक वेळी चालवल्याचा आकडा, तारीख, सही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सहाशे अकरावरून नोंद सरळ सहाशे तेरावर गेली होती. मधल्या रिकाम्या ओळीत पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

"सहाशे बारा कुठे गेला?"

सोमनाथने दाराकडे पाहिलं. "मला म्हाईत नाय, मॅडम. शनिवारी मी गेलो तवा यंत्रावर सहाशे अकरा होता. सोमवारी आलो तर सहाशे बारा. रविवारी कुणीतरी चालवलं."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? चाव्या तिघांकडं. माझ्याकडं, देवरे सरांकडं आणि वेदिका मॅडमकडं. सरांना सांगावं तर सर असले तर? जूनला माझं कंत्राट संपतंय." त्याने फडकं पुन्हा उचललं. "आन मलाच धरतील, ह्ये मला ठाव हाय. यंत्र माझंच ना."

खरं होतं. संध्याकाळी रविराजनी तेच केलं. "मग सोमनाथच," ते म्हणाले. "बहिरू त्याचा लांबचा मेव्हणा लागतो, माहीत आहे ना तुम्हाला? बहिरू गेल्या महिन्यात इथं येऊन ओरडून गेला होता, 'तुमच्या त्या बाटल्यांत माझं मरण हाय, फोडून टाका' म्हणून. सोमनाथने फोडल्या नाहीत, शिजवल्या."

जहिदा मॅडमना त्या क्षणी वाटलं की हे मान्य करावं आणि घरी जावं. पण एक गोष्ट टोचत होती. या कुप्यांची लेबलं छापील होती. उष्णतेनं काळ्या पडणाऱ्या कागदावरची. यंत्रातून निघालेल्या कुपीवरचं लेबल कोळशासारखं दिसायला हवं होतं. ही सगळी पांढरीशुभ्र होती.

म्हणजे कुणीतरी बसून एकतीस नवी लेबलं छापली होती. जोडकुप्या धरल्या तर बासष्ट. आणि सोमनाथला संगणक सुरूसुद्धा करता येत नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बहिरूच्या घरी गेल्या. बरोबर जानेवारीची मूळ नोंदवही घेतली. रेतनाचं सामान असलेली त्याची पेटी ओट्यावर उघडी होती. प्रत्येक नळी वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये, हातमोजे पाकिटात, थर्मासचं पाणी रोज बदललेलं. साठीच्या बहिरूने ते एकेक करून दाखवलं. 

"मॅडम, मी जोडलेली पैदास आता सातही गावांत हाय. गायींच्या आज्यांना मी भरलंय. आन आता मला बघितलं की बाया गोठ्याचं फाटक लावून घेत्यात."

"मला एक गोठा दाखव. जानेवारीच्या यादीतली गाय कुणाकडे आहे?"

"धोंडाबाईची गवळण. जवळच हाय. पण मी आत येणार नाय."

द्राक्षबागांची खरड छाटणी संपत आली होती. वेलींच्या तोडलेल्या काड्यांचे ढीग बांधावर वाळत होते. धोंडाबाईच्या अंगणाशी आल्यावर बहिरू खरंच फाटकाबाहेर थांबला आणि सावलीत पाठमोरा बसला.

धोंडाबाई सत्तरीच्या, कोरड्या आवाजाच्या. गवळण तिसऱ्या वेताची, काळीपांढरी, पाठीवर हात ठेवला की मान वळवणारी.

"कार्तिकात तपासली तवा निरोगी म्हणले," धोंडाबाई म्हणाल्या. "नंतर पौषात परत तपासली, आन तिथून बिघडली. शेंबडावाणी घाण यायला लागली. चार येळा उलटली."

जहिदा मॅडमचा हात गायीच्या पाठीवर थबकला. "आधी निरोगी होती? नक्की?"

"म्या काय खोटं बोलते का? ह्या गल्लीतल्या तिन्ही गायींचं तसंच झालं."

"आणि पौषातल्या तपासणीच्या सुमाराला बहिरूने तिला भरलं होतं?"

"नाय वो. ती तवा माजावर कुठं व्हती! बहिरू तिच्याकडं त्याच्यानंतर महिन्यानं आला."

ऊन डोक्यावर आलं होतं. जहिदा मॅडम बाजेवर बसल्या. रोग बहिरूच्या आधी आला होता. तपासणीबरोबर आला होता. तेवढ्यात गवळणीने मान झटकली आणि तिच्या कानातला पिवळा बिल्ला उन्हात चमकला. शेवटचे आकडे चार, चार, एक, सात.

त्यांनी जानेवारीची नोंदवही उघडली. तिथे गवळणीचा आकडा वेगळा होता: वीस शहाऐंशी.

"हा बिल्ला नवा आहे?"

"व्हय. जुना कुंपणात अडकून तुटला, कान फाटला. पाडव्यानंतर तुमच्यातलं एक माणूस आलं व्हतं गायीला आतून औषधानं धुवायला. त्यानीच नवा टोचला. लय चांगलं माणूस. तीनदा आलं. हत्यारं माझ्या चुलीवर अर्धा तास उकळून घेतली, मग हात लावला. कुणाला सांगू नका म्हणलं."

जहिदा मॅडमनी मेलेल्या कुप्यांच्या लेबलांची यादी काढली. नवव्या ओळीत छापलेलं होतं: गवळण, जानेवारी, चव्वेचाळीस सतरा.

जानेवारीत घेतलेल्या नमुन्यावर पाडव्यानंतर टोचलेल्या बिल्ल्याचा आकडा. लेबल नंतर छापलं होतं आणि ज्याने छापलं त्याला हा नवा आकडा माहीत होता. प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तो नव्हता. तो जगात फक्त दोन ठिकाणी होता: गायीच्या कानात आणि बिल्ला टोचणाऱ्याच्या टिपणात.

"कोण आलं होतं, धोंडाबाई?"

धोंडाबाईंनी नाव सांगितलं. जहिदा मॅडमना ते नाव ऐकायचं नव्हतं.

४

वेदिका प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. डबा उघडा होता, पोळी तशीच. जहिदा मॅडम कठड्याला धरून सावकाश तिच्या शेजारी बसल्या.

"गवळणीला बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "घाण कमी झालीय."

वेदिकाने डब्याचं झाकण लावलं. बराच वेळ ती ते दाबतच राहिली.

"बिल्ला," ती शेवटी म्हणाली.

"हो, बिल्ला. नवा आकडा तू तुझ्या फाइलमध्ये भरलास. लेबलं छापलीस त्याच फाइलमधून. घाईत असशील."

"घाईत नव्हते. रडत होते."

"कधी कळलं तुला?"

"मार्चमध्ये." आता ती थांबेना. "मॅडम, जानेवारीच्या एकतीस गायी नोव्हेंबरात निरोगी होत्या. माझाच तक्ता मी पुन्हा पुन्हा बघत होते. मला वाटायचं, बहिरूकाका. मग एक दिवस त्यातल्या नऊ गायींना मधल्या काळात रेतनच झालेलं नाही असं दिसलं. त्यांना हात लावणारं माणूस एकच होतं. मी. मी जंतुनाशकाचा डबा तपासला. निळं पाणी असतं ना, ते. प्रत्येक गायीनंतर मी हत्यार त्यात बुडवत होते. त्याच पाण्यात ते जंतू वाढत होते, मॅडम. जंतुनाशकात."

जहिदा मॅडमनी मान हलवली. काही जंतू असे असतात. औषध कमी पडलं, डबा घासला गेला नाही, की ते त्या औषधातच राहायला शिकतात. आणि जे त्यात जगतात ते मग प्रतिजैविकांनाही जुमानत नाहीत.

"डबा सोमनाथने धुतला नव्हता?"

"ते रोज रिकामा करून घासायचे. जानेवारीत मीच म्हटलं, वेळ नाही, वरून भरा. दिवसाला दोन गावं करत होते. मला वाटलं, जंतुनाशकच आहे, त्याला काय होणार." तिने डोळे पुसले. "पस्तीस गायींना मी हात लावला, एकतीस वांझ केल्या. एकामागून एक. आणि वही भरत गेले."

"आणि कुप्या बाहेर जाणार होत्या."

"तिथे कळलं असतं की एकतीस जंतू एकाच घराण्यातले आहेत. मग डबा शोधला असता कुणीतरी. कुप्या गायब केल्या असत्या तर लगेच चौकशी झाली असती. मेलेल्या निघाल्या तर वाहतुकीवर जाईल असं वाटलं."

"मग नोव्हेंबरच्या सतरा का सोडल्यास? त्याही मारल्या असत्यास तर मला काहीच सापडलं नसतं."

वेदिका हसल्यासारखं करून म्हणाली, "त्या खऱ्या होत्या, मॅडम. ते काम खरं होतं. त्यांना हात लावता आला नाही."

आतून सोमनाथच्या बशांचा आवाज येत होता. जहिदा मॅडमना आपलं वय एकदम जाणवलं. राग यायला हवा होता. आला तो फक्त थकवा.

"तू गुपचूप तीनदा गवळणीला धुवायला गेलीस," त्या म्हणाल्या. "आणखी किती गायींना?"

"अकरा झाल्या. सुट्टीच्या दिवशी जाते."

"आणि त्याच वेळी बहिरू फाटकाबाहेर बसत होता. ते दिसत होतं तुला?"

 वेदिकाने तोंड ओंजळीत धरलं. पुढ्यात बसून शेवटी कुणीतरी रडतंच, हे जहिदा मॅडमना माहीत होतं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. उठून मात्र गेल्या नाहीत.

५

गुरुवारी वेदिकाने सगळं लिहून सही केली. रविराजनी कागद वाचला आणि पहिल्यांदा काय म्हणावं तर, "आपली प्रयोगशाळा बंद होईल, मॅडम." मग टेबलाकडे बघत म्हणाले, "जानेवारीत लवकर आटपा, लवकर आटपा म्हणून मागे मीच लागलो होतो. ते पण लिहा त्यात." पुढे ते सोमनाथच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण बाहेर आले तेव्हा सोमनाथने त्यांच्यासाठी चहा ठेवला होता.

निळ्या पाण्याचा डबा वेदिकाने टाकून दिलेला नव्हता. तो तिच्या कपाटात होता, कागदात गुंडाळलेला. बहिरूच्या सुटकेसाठी डबा आणि गायींचे नवे नमुने पुरेसे होते. पण नमुने घ्यायचे तर गावात जावं लागणार होतं.

"आधी मी त्यांना सांगते," वेदिका म्हणाली. "समितीच्या आधी."

धोंडाबाईच्या अंगणात वीसेक माणसं जमली. वेदिका उभी राहिली आणि जहिदा मॅडमना सांगितलं होतं तेच सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. पहिल्यांदा कुणाला कळलं नाही. मग एकदम गलका झाला. एक बाई ओरडली, "माझी कालवड बाजारात घातली मी, पोरी, कालवड!" एकाने तिच्या अंगावर धावून जायचा प्रयत्न केला, त्याला दोघांनी धरलं. वेदिका जागची हलली नाही.

बहिरू नेहमीसारखा फाटकाबाहेर होता. धोंडाबाईच उठल्या, फाटकाशी गेल्या आणि कडी काढली. "आत ये रं," एवढंच म्हणाल्या.

तो आत आला. वेदिका त्याच्यासमोर गेली.  तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. बहिरू दचकून मागे सरला.

"पोरी," तो म्हणाला, "तुला एक सांगू? गेल्या दोन महिन्यांत मलाबी वाटाय लागलं व्हतं, की माझ्याच हातानं झालं आसंल. रोज हात धुवायचो, परत धुवायचो. घरच्या गायीला शिवायचं सोडलं मी." त्याने दोन्ही तळवे तिच्यासमोर धरले. "लय वाईट केलंस तू. रोगाचं नाय म्हणत मी. रोग काय, कुणाच्याबी हातनं व्हतो. पण म्हाईत पडल्यावरबी तू मला तसंच बसू दिलंस."

"हो," वेदिका म्हणाली.

 गोठ्यात गवळणीने कडबा ओढला.

बहिरूने तोंडावरून उपरणं फिरवलं. मग तो जहिदा मॅडमकडे वळला. "वीस गायी ऱ्हायल्या ना धुवायच्या? एकटीनं किती दिस लागतील हिला?"

"दोन महिने तरी. आणि चौकशी सुरू झाली की तिला गावात येऊ देतील की नाही, सांगता येत नाही."

"मग कसं धुवायचं ते मला दाखवा. आजच." तो बाह्या सरसावत गोठ्याकडे निघाला. "धोंडाबाई, पाणी उकळायला ठेवा."